लोभ असावा

माझ्या कादंबरीतला पहिला खलनायक अगदी हवा तसा होता. काचेची केबिन, मोजकं बोलणं, डोळ्यांत कायम आकडे. तो बँक आतून पोखरत होता, कारण त्याला पैसा हवा होता, आणखी हवा होता, आणि मिळाला की पुन्हा हवा होता. सतरा प्रकरणं मी त्याच्या मागे धावले. मग एके दिवशी सगळं सलग वाचायला घेतलं आणि पाचव्या प्रकरणाशीच थांबले. या माणसाला मी कधी भेटलेच नव्हते.

बत्तीस वर्षं मी बँकेत काढली. त्यातली शेवटची अकरा इन्स्पेक्शन खात्यात, म्हणजे बॅग आणि हिरवं पेन घेऊन या शाखेतून त्या शाखेत. अफरातफर पाहिली, खोट्या सह्या पाहिल्या, एकाच घराच्या तारणावर तीन ठिकाणांहून उचललेली कर्जं पाहिली. पण हे सगळं करणाऱ्यांत तो थंड डोळ्यांचा माणूस कुठे नव्हता. ग्राहकाचा फॉर्म स्वतः भरून देणारी, उशिरापर्यंत थांबणारी, शाखेत सगळ्यांना हवीहवीशी वाटणारी माणसं होती ती. म्हणून ती सतरा प्रकरणं मी बाजूला ठेवली. कादंबरी बँकेचीच राहिली आणि लोभाचीही. फक्त लोभ म्हणजे काय, ते मला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागलं.

हाव, हव्यास, लालसा या शब्दांत गोडवा शोधूनही सापडत नाही. लोभाचं तसं नाही. षड्रिपूंमध्ये तो काम-क्रोधाच्या पंगतीला बसतो आणि पत्राच्या शेवटी मात्र 'लोभ असावा' म्हणत हात जोडून उभा राहतो. एकीकडे धनाची भूक, दुसरीकडे मायेची. आपल्या भाषेने या दोन्ही भुका एकाच शब्दात का ठेवल्या असतील, हा प्रश्न मला आयुष्यभर पडला नाही. कादंबरी लिहायला बसल्यावर पडला. बँका बुडवतो तो पहिला लोभ, असं मी धरून चालले होते. जगभरातली गाजलेली प्रकरणं एकेक करून वाचत गेले, तसा दुसरा लोभ दिसायला लागला. वरिष्ठांची मर्जी राहावी, आपल्याबद्दलचं चांगलं मत टिकावं, कालपर्यंत होणारं कौतुक उद्याही व्हावं, एवढंच मागणारा. पैशाच्या लोभाला कधीतरी पोट भरल्याचा भास तरी होतो, याला तेवढाही होत नाही.

बेअरिंग्ज बँकेची गोष्ट बहुतेकांना वरवर माहीत असते. १७६२ साली लंडनमध्ये सुरू झालेली ही बँक. ब्रिटनची राणी तिची ग्राहक. १८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियानाचा अवाढव्य प्रदेश विकत घेतला, तेव्हा त्या व्यवहाराच्या पैशाची सोय करणाऱ्यांत ही बँक होती. असली जुनी, खानदानी बँक फेब्रुवारी १९९५ मध्ये बुडाली, ती सिंगापूरच्या कार्यालयातल्या निक लीसन नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाच्या सौद्यांमुळे. तोटा ८२ कोटी ७० लाख पौंडांचा, म्हणजे बँकेच्या भांडवलापेक्षाही मोठा. शेवटी आयएनजी या डच समूहाने ती घेतली, किंमत एक पौंड.

मी अडकले ती तो तोटा दडवलेल्या खात्याच्या क्रमांकाशी. ८८८८८. हे चुकांचं खातं होतं. बाजारातल्या गलक्यात 'घ्या' म्हटलेलं 'विका' असं ऐकू येतं, आकडा चुकतो, आणि ती गफलत निस्तरेपर्यंत कुठेतरी ठेवावी लागते. ती ठेवायची जागा म्हणजे हे खातं. आमच्याकडे त्याचं भावंड आहे, सस्पेन्स खातं. ज्या रकमेचं नेमकं काय करायचं ते अजून कळलेलं नाही, ती तिथे टाकायची आणि शक्य तितक्या लवकर तिथून हलवायची. बँकेबाहेरच्या लोकांना या नावाचं हसू येतं. मला कधी आलं नाही. इन्स्पेक्शनला गेले की तिजोरीच्या आधी मी तेच रजिस्टर मागवत असे.

लीसनच्या सांगण्याप्रमाणे सुरुवात झाली ती १९९२ मध्ये, हाताखालच्या एका नवख्या मुलीच्या चुकीपासून. वायद्याचे वीस करार विकत घ्यायचे होते, तिने विकले. वीस हजार पौंडांचं नुकसान. एवढ्या मोठ्या बँकेला ही रक्कम म्हणजे काहीच नव्हे. त्याने ते वर कळवलं असतं तर ती मुलगी बोलणी खाऊन मोकळी झाली असती, आणि सुपरवायझर म्हणून त्याच्या नावापुढे एक लहानसा शेरा आला असता. त्याने ते ८८८८८ मध्ये टाकलं. मग ते भरून काढायला एक सौदा केला, त्यात बुडालेलं भरून काढायला दुसरा. १९९४ संपलं तेव्हा त्या खात्यात वीस कोटी पौंडांहून जास्त तोटा दडलेला होता आणि लंडनमध्ये त्याच वेळी तो सगळ्या समूहाचा लाडका होता, कारण कागदावर सर्वांत जास्त नफा त्याचाच दिसत होता.

हे शक्य कसं झालं? सौदा करणारा तोच आणि त्या सौद्याच्या नोंदी सांभाळणाऱ्या विभागाचा प्रमुखही तोच. बँकेत या दोन भूमिकांना मेकर आणि चेकर म्हणतात. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने ती तपासून पुढे पाठवायची. हे दोघे एक झाले की बाकीची कुलपं शोभेची. आणि हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं असंही नाही. १९९४ च्या उन्हाळ्यात बँकेच्याच अंतर्गत तपासणीने ही दोन कामं वेगळी करा असं लेखी सांगितलं होतं. ती वेगळी झाली नाहीत. त्याच्या नफ्यावर लंडनमधल्या कितीतरी जणांचा बोनस अवलंबून होता. त्याच्या आदल्या वर्षी या बँकेच्या अध्यक्षांनी बँक ऑफ इंग्लंडच्या अधिकाऱ्यांपुढे असं मत मांडलं होतं, की रोख्यांच्या धंद्यात पैसा मिळवणं तसं फारसं अवघड नाही. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. ज्याला आपला नफा कुठून येतो हे विचारायची इच्छा नाही, त्या माणसाचं ते वाक्य आहे.

१७ जानेवारी १९९५ ला कोबे इथे भूकंप झाला. जपानचा शेअर बाजार शांत राहील, यावर लीसनने पैज लावलेली होती. बाजार कोसळू लागला तसा तो एकट्याच्या खांद्यावर तो पेलून धरायला निघाला, विकत घेत सुटला. २३ फेब्रुवारीला टेबलावर 'मला माफ करा' अशा अर्थाची चिठ्ठी ठेवून निघून गेला. पगार आणि बोनस त्याने घेतला, त्यात शंका नाही. पण त्या तोट्यातले पौंड त्याच्या घरात सापडण्यासारखे नव्हते. ते बाजारात वाहून गेले होते. मग तीन वर्षं तो एवढं कशासाठी करत होता? मला वाटतं, तो फक्त एक दिवस मागत होता. दर संध्याकाळी आणखी एक.

त्याच वर्षी जपानच्या दाइवा बँकेत असंच एक प्रकरण फुटलं. न्यूयॉर्कच्या शाखेतले तोशिहिदे इगुची अमेरिकी सरकारच्या रोख्यांचे व्यवहार बघत. सुरुवातीच्या काळात एक तोटा झाला, तो त्यांनी लपवला आणि बारा वर्षं लपवत राहिले. तोटा भरून काढण्यासाठी ग्राहकांचे आणि बँकेचे रोखे विकत गेले आणि रोखे जागेवर आहेत असं दाखवणारे खोटे कागद तयार करत गेले. इथेही व्यवहार आणि रोख्यांची राखण, दोन्ही त्यांच्याच हाती. आकडा १०० कोटी डॉलरच्या पुढे गेला. ते पकडले गेले नाहीत. जुलै १९९५ मध्ये त्यांनी स्वतःच मुख्यालयाला लांबलचक पत्र लिहून सगळं कबूल केलं. पुढचं मला जास्त अस्वस्थ करतं. हे कळल्यावर बँकेने अमेरिकी नियामकांना लगेच सांगितलं नाही, दोनएक महिने काढले. म्हणजे बारा वर्षं जे एक माणूस करत होता, तेच मग संस्थेनेही केलं. तिलाही एक दिवस हवा होता. शिक्षा म्हणून त्या बँकेला अमेरिकेतला कारभार गुंडाळावा लागला.

फ्रान्सच्या सोसिएते जेनेराल बँकेतला जेरोम केर्व्हिएल २००८ च्या जानेवारीत उघडा पडला, ४९० कोटी युरोंचा तोटा ठेवून. त्याच्या व्यवहारांबद्दल बँकेच्या यंत्रणेत सत्तरच्या वर इशारे उमटून गेले होते. प्रत्येक वेळी काही तरी उत्तर दिलं गेलं आणि प्रत्येक वेळी ते उत्तर कुणीतरी मान्य केलं. हा माणूस रजा घेत नसे. बँकेत सक्तीची रजा असते ती कर्मचाऱ्याच्या आरामासाठी, असा बाहेर समज आहे. ती असते त्याच्या टेबलावर दहा दिवस दुसऱ्या कुणीतरी बसावं म्हणून. ज्याने कपाटात काही दडवलंय त्याला कपाटापासून दूर जाता येत नाही.

हे मी पुस्तकात वाचायच्या कितीतरी आधी पाहिलं होतं.

त्या शाखेचं नाव मी लिहिणार नाही. तिथले अकाउंटंट, म्हणजे मॅनेजरच्या खालोखालचे अधिकारी, सगळ्यांना आधार वाटावा असे गृहस्थ होते. पहिल्यांदा गेले तेव्हा सस्पेन्सच्या रजिस्टरात एक नोंद वीसेक दिवस पडून होती. रक्कम त्या काळच्या एखाद्या महिन्याच्या पगाराएवढी. मी विचारलं. ते म्हणाले, "चुकीच्या खात्यात गेलेलं पेमेंट आहे मॅडम, परवापर्यंत क्लिअर होतंय. माझ्यावर सोडा." शनिवार होता, गाडी गाठायची होती, आणि तीन दिवस त्यांनी माझ्यासमोर मागेल ते रजिस्टर मागेल त्या क्षणी ठेवलं होतं. मी हिरवी खूण केली.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तीच शाखा माझ्या वाट्याला आली. रजिस्टर उघडलं. एक नोंद, वीसेक दिवसांची. व्हाउचरचा क्रमांक वेगळा, रक्कम गेल्या वर्षीपेक्षा थोडी वाढलेली. इन्स्पेक्शनच्या कामात काही गोष्टी डोक्याआधी हाताला कळतात. माझं पेन थांबलं. वय न वाढणारी नोंद. नोंदी जुन्या होतात किंवा मिटतात. ही एक वर्षभर तशीच तरुण राहिली होती.

मागची व्हाउचर्स काढली. दर महिनाअखेरीला दुसऱ्या कुठल्यातरी खात्यातून रक्कम उचलून जुनी नोंद मिटवलेली आणि चार दिवसांनी ते झाकायला सस्पेन्समध्ये नवी जन्माला घातलेली. मागे जात जात तीन वर्षांपूर्वीच्या एका दुपारपर्यंत पोचले. दोन ग्राहक, एकच नाव. एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जमा झाली. दुसऱ्याने ती काढली, खातं बंद केलं, गावही सोडलं. त्या दिवशी हे कळवलं असतं तर मेमो मिळाला असता, फार तर पगारातून हप्त्याने वसुली झाली असती. त्यांची बढती तेव्हा विचारात होती. त्यांनी एक दिवस मागून घेतला. मधल्या काळात ज्या खात्यांवरून पैसे फिरवले, त्यांचं व्याज भागवत भागवत रक्कम फुगत गेली. स्वतःसाठी त्यांनी एक पैसाही घेतलेला नव्हता, हे मी प्रत्येक व्हाउचर तपासून सांगते.

या तीन वर्षांत त्यांनी एकही रजा घेतली नव्हती. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळी येऊन गेले होते. तारीख महिनाअखेरची होती. शाखेत सगळे ही गोष्ट कौतुकाने सांगत, आणि त्या कौतुकावर मीही मान डोलावली होती.

मी रजिस्टर त्यांच्यासमोर ठेवलं. ते बराच वेळ बघत राहिले, माझ्याकडे नव्हे, त्या नोंदीकडे. मग म्हणाले, "कॅश बंद करून देतो मॅडम, मग वर फोन करा. नवीन मुलगा आहे काउंटरला, त्याची टॅली होणार नाही माझ्याशिवाय." मी थांबले. त्यांनी त्या मुलाला शेजारी बसवून पहिल्या बंडलापासून मोजून दिलं. टॅली झाली. मग मी फोन केला.

इथून पुढे मला वाकडी वाट घ्यावी लागते, कारण त्या संध्याकाळचं जे राहिलंय ते लिहायला मला अजून थोडा धीर हवा आहे.

लोभ खालून वर जातो तसा वरून खालीही सोडला जातो, आणि कादंबरीत मला हे कुठेतरी मांडायचंच आहे. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक घराला आपल्या बँकेच्या आठ सेवा विकायच्या, अशी घोषणाच होती, 'एट इज ग्रेट'. रोजचा कोटा, रोजची विचारणा. काउंटरवरच्या माणसांनी मग ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावाने खाती आणि कार्डं उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये १८ कोटी ५० लाख डॉलरचा दंड झाला तेव्हा बाहेर आलं, की या कारणावरून आधीच सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकलं गेलं होतं. पाच हजार तीनशे माणसं एकाच वेळी लोभी निघतात का? त्यातली पुष्कळशी संध्याकाळच्या मीटिंगमध्ये नाव पुकारलं जाऊ नये म्हणून करत होती, हे मी शपथेवर सांगू शकते, कारण टार्गेटच्या मीटिंगमध्ये मान खाली घालून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि ज्यांनी ते आठ ठरवले, ते आठच का, कुणाला हवे आहेत, हे विचारणारं त्या दालनात कुणी नसतं.

आणि ग्राहक? गुंतवून देतो म्हणून लोकांचे पैसे घेणाऱ्या अमेरिकेतल्या बर्नार्ड मॅडॉफने वर्षानुवर्षं त्यांना फसवलं ते भरमसाट व्याजाचं आमिष दाखवून, असा अनेकांचा समज असतो. पैसे दुप्पट करून देतो म्हणणारे वेगळे. १९२० मध्ये बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के देऊ केले होते. मॅडॉफ दाखवायचा ते दहा-बारा टक्क्यांच्या आसपास, पण न चुकता, बाजार वर असो की खाली. आणि तो सगळ्यांना घेत नसे. नकार द्यायचा. त्याच्याकडे पैसे ठेवता यावेत म्हणून लोक ओळखी काढायचे, शब्द टाकायला सांगायचे. त्याने विकली ती मर्जी. हॅरी मार्कोपोलोस नावाच्या एका विश्लेषकाने हे आकडे गणितात बसत नाहीत असं अमेरिकेच्या रोखे आयोगाला २००० सालापासून पुन्हा पुन्हा कळवलं, २००५ मध्ये सविस्तर टिपण दिलं. डिसेंबर २००८ मध्ये मॅडॉफ पकडला गेला, तेव्हा ग्राहकांच्या विवरणपत्रांवर मिळून सुमारे ६,५०० कोटी डॉलर छापलेले होते. कागदावर. आठ वर्षं एक माणूस बेरीज चुकते आहे असं सांगत होता, आणि ज्यांनी ती बेरीज पडताळायची ते ज्याच्या नावाला वजन आहे त्याच्यापुढे थबकत होते. या मार्कोपोलोसवर मला वेगळं लिहायचं आहे. तो हट्टी होता, लोकांना नकोसा होता, आणि कुणाच्या लोभात राहायची त्याने पर्वा केली नाही.

वाचकाला अर्थात चोरी हवी असते, रात्र हवी असते, घड्याळ हवं असतं. ते मला कळतं, आणि वास्तवात तेही आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर बाहेर काढायचे आदेश गेले. चोरांनी वार निवडला होता. गुरुवारची रात्र, कारण शुक्रवार-शनिवार ढाक्यात सुट्टी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कमध्ये, आणि पैसे जिथे पाठवायचे त्या मनिलात सोमवारी चिनी नववर्षाची. ढाक्यातल्या ज्या प्रिंटरवर व्यवहारांच्या प्रती आपोआप निघायच्या तो बंद पडलेला. प्रिंटर बिघडतच असतात म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नाही. ८ कोटी १० लाख डॉलर मनिलात पोचून जुगारघरांत नाहीसे झाले. बाकीचे बहुतेक वाचले ते योगायोगाने. श्रीलंकेला निघालेल्या दोन कोटींच्या आदेशात 'फाउंडेशन' या शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं, ते एका बँकेतल्या माणसाने पाहिलं आणि खुलासा मागितला. आणि मनिलाच्या त्या शाखेच्या पत्त्यात 'ज्युपिटर' हा शब्द होता, जो एका प्रतिबंधित यादीतल्या नावाशी जुळत होता, म्हणून यंत्रणा अडली. एका माणसाने एक शब्द नीट वाचला, एवढ्यावर कोट्यवधी डॉलर थांबले. हा प्रसंग मी दहा वेळा वाचला असेन. चोरांपेक्षा मला तो स्पेलिंग वाचणारा माणूस बघावासा वाटतो. त्यालाही कदाचित गाडी गाठायची असेल.

कारण बँक चालते ती शेवटी नीट वाचणाऱ्यावर. लोकांना वाटतं ती तिजोरीवर चालते. ठेवीतला थोडासा भाग हाताशी ठेवून बाकीचा कर्जाने दिलेला असतो, तो वर्षांनी परत यायचा असतो, आणि ठेवीदाराला मात्र तो आत्ता मागायचा हक्क असतो. सगळ्यांनी एकदम मागितला तर भल्यात भली बँकही देऊ शकणार नाही. हे गुपित नाही, हाच बँकेचा धंदा आहे. सगळे एकदम येणार नाहीत, या भरवशावर ती उभी असते. सप्टेंबर २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारांपुढे रांगा लागल्या. ब्रिटनमध्ये अशा रांगा १८६६ नंतर पहिल्यांदाच लागत होत्या. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेपुढे रांग लागायचीही गरज पडली नाही. फोनवरून, बसल्या जागी, एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर मागितले गेले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्या घटकेला ताळेबंद दिसत नसतो. आत कुणीतरी माझ्या वतीने बघतं आहे, हा त्याचा समज तुटलेला असतो.

त्याच्या वतीने बघणारी मी होते.

आता त्या संध्याकाळचं. अहवालाच्या ठरलेल्या नमुन्यात एक रकाना असतो. गंभीर बाब आढळली, तर ती मागच्या तपासणीत दिसली होती का? मागची तपासणी माझी होती. हिरवी खूण माझी होती. मी एका परक्या खोलीत दिव्याखाली बसले होते आणि त्या रकान्यावर अर्धा तास गेला. मग लिहिलं, 'मागील तपासणीत ही बाब निदर्शनास आली नव्हती.' मराठी कार्यालयीन भाषेत कर्ता लपवायची फार सोय आहे. कुणाच्या निदर्शनास, ते सांगावं लागत नाही. गेल्या वर्षीचं रजिस्टर कुणी काढून पाहिलं नाही. ज्यांनी माझा अहवाल तपासायचा, त्यांनी त्यावर सही केली. माझं नाव चांगलं होतं.

अकाउंटंटांची नोकरी गेली. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी पुढे आणखी सात वर्षं इन्स्पेक्शन केलं, कडक म्हणून ओळखली गेले. सस्पेन्सचं रजिस्टर आधी मागवते, म्हणून शाखांमध्ये माझा दरारा होता.

वर्षभराने त्यांचं पत्र आलं. पोस्टाने, घरच्या पत्त्यावर. तक्रार नव्हती. मुलीला मुलगा झाल्याचं लिहिलं होतं, स्वतः एका दुकानाचे हिशेब लिहायला जातो असं लिहिलं होतं. मग एक ओळ होती: 'आदल्या वर्षी आपण आणखी एकदा विचारलं असतंत, तर मी सांगून टाकलं असतं असं कधीकधी वाटतं. पण खात्री देता येत नाही.' आणि सही करण्याआधी, रीतीप्रमाणे, 'लोभ असावा'.

मी त्या पत्राला उत्तर लिहिलं नाही. चार वेळा सुरुवात केली. प्रत्येक वेळी त्या एका वाक्याशी येऊन थांबले, कारण ते न लिहिता बाकी काहीही लिहिणं खोटं झालं असतं, आणि ते लिहायचं म्हणजे ज्या माणसाने माझ्याबद्दल अजून काही वाईट मत केलं नव्हतं, त्याला ते करायची मुभा द्यायची. आज करू, उद्या करू, असं म्हणता म्हणता वर्षं गेली. आता त्या पत्त्यावर कुणी नाही.

नव्या मसुद्यात काचेची केबिन नाही. एक बाई आहेत, एक रजिस्टर आहे, एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम आहे. घड्याळ आहे, कारण ते हवंच, पण ते महिनाअखेर दाखवतं. बँक किती मोठी करायची, रक्कम कुठवर वाढू द्यायची, ते अजून ठरलेलं नाही. पहिलं वाक्य मात्र ठरलं आहे. कादंबरी एका तपासणी अहवालाने सुरू होते: 'मागील तपासणीत ही बाब माझ्या निदर्शनास आली होती.'